लखपतला मुक्काम करा! (नाशिक ते कच्छचं टोक, चार मित्र, एक गाडी)

गोदाकाठ

मंडळी,

जानेवारीत आम्ही चौघे जुने मित्र नाशिकहून गाडीने लखपतला जाऊन आलो. परतल्यापासून जो भेटेल त्याला मी एकच सांगतोय, तेच इथेही सांगतो. कच्छला गेलात तर लखपतला एक रात्र राहा. सकाळी भुजहून निघायचं, तटावर उभं राहून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत पांढऱ्या रणाकडे पळायचं, अशी घाई करणारी बरीच मंडळी तिथे पाहिली. आमचाही बेत तसाच होता. गाडीचं चाक बसलं म्हणून आम्ही थांबलो.

आधी रस्ता सांगतो. आमच्यात एक मास्तर, एक वकील, मी आणि तात्या. तात्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, गाडीही त्याचीच, जुनी बोलेरो. पहाटे चारला निघालो. वणी, सापुतारा, वघई, वांसदा करत चिखलीला हायवेला लागलो. सापुताऱ्याच्या घाटात इतकं धुकं होतं की वकील खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड सांगत होता. सुरत, भरूच, वडोदरा. पुढे अहमदाबादला न शिरता वासदहून तारापूर-बगोदरा रस्ता धरला. लिंबडी सोडून दिवेलागणीला ध्रांगध्राला पोचलो आणि मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी हळवद, माळिया आणि मग सूरजबारीचा पूल. हा पूल ओलांडला की सौराष्ट्र संपून कच्छ सुरू होतो. दोन्ही अंगांना मिठागरं, मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना खुपतात. दुपारी भुज. नाशिकहून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास झाले.

तिसऱ्या दिवशी नखत्राणा, मग माता नो मढ. आशापुरा माता ही जाडेजांची कुलदेवी. दर्शन घेतलं, चहा घेतला. तालुक्याचं नाव लखपत, पण कचेऱ्या दयापरला आहेत, त्यामुळे डिझेल, पाणी, बिस्किटं सगळं दयापरलाच भरून घेतलं. दयापर सोडून थोडं पुढे गेलो आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. निघताना तपासायची राहिली होती, हे चौघांनीही मान्य केलं. अर्ध्या तासाने एक ट्रक आला. ड्रायव्हरने काही न विचारता तात्याला आणि चाकाला वर घेतलं, दयापरला पंक्चरवाल्यापर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. तात्या दुसऱ्या गाडीने परत येईपर्यंत तीन वाजून गेले होते.

लखपतच्या वेशीत शिरलो तेव्हा ऊन कललं होतं. हा दरवाजा मी विसरणार नाही. एवढा भक्कम तट! बुरुज शाबूत, दगड जागच्या जागी. आत शिरताना साहजिकच वाटतं की आता बाजारपेठ लागेल, गल्ल्या लागतील. आत काहीच नाही. वेडी बाभूळ, पडक्या भिंती, पुन्हा बाभूळ. तटाची लांबी सात किलोमीटर, आणि त्या सात किलोमीटरच्या कवेत मोजकी घरं, गुरुद्वारा, एकदोन दर्गे आणि सीमा सुरक्षा दलाची चौकी. जमादार फतेह महंमदाने १८०१ साली हा तट बांधला. बंदरात दिवसाला लाख कोरींची उलाढाल व्हायची म्हणून गावाचं नाव लखपत पडलं, असं लोक सांगतात. कोरी म्हणजे कच्छच्या राज्याचं चांदीचं नाणं.

गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू नानक मक्केच्या वाटेवर इथे थांबले होते अशी श्रद्धा आहे. त्यांच्या म्हणून जपलेल्या लाकडी खडावा आणि पालखी तिथे पाहायला मिळतात. बांधणी अगदी घरगुती, जाड भिंती, बुटकी दारं, आत गारवा. २००१ च्या भूकंपात इमारतीचं नुकसान झालं होतं, ती इतक्या निगुतीने दुरुस्त केली की २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्कार मिळाला. आम्ही निघतो म्हणालो तेव्हा सेवेकरी म्हणाले, "अंधारात कुठे जाता, खोली आहे, लंगर आहे." मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, तात्याने चाकाकडे पाहिलं, आणि राहिलो.

जेवायला वेळ होता म्हणून गौस महंमदांच्या कुब्ब्यापाशी गेलो. हे सूफी संत, १८५५ साली वारले. अष्टकोनी कबर, काळ्या दगडावर वेलबुट्टी इतकी बारीक की बोट फिरवल्याशिवाय राहवत नाही. तिथे एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी आम्हाला हाताने तटाकडे वळवलं आणि म्हणाले, "पहेलां अहीं दरियो हतो." मग जरा थांबून, "ने नदी पण हती." आधी इथे समुद्र होता, नदीही होती.

त्यांच्याबरोबर तटावर चढलो. पलीकडे काय आहे ते कसं सांगू? जमीन म्हणावी तर नांगर लागणार नाही, समुद्र म्हणावा तर लाट नाही. राखाडी-पांढुरका सपाट पट्टा, थेट आकाशाला टेकलेला. कोरी खाडीचं हे मुख. सिंधूचा पूर्वेकडचा फाटा एके काळी इथे समुद्राला मिळायचा, पुढे वर सिंधमध्ये त्याचं पाणी अडवलं गेलं. लखपतच्या आसपास भात पिकायचा. भात! जिथे आज बाभळीशिवाय काही हिरवं नाही तिथे. तात्या खाली बसला आणि मातीचं ढेकूळ हातात घेऊन चुरडत राहिला. शेतकरी माणूस, त्याला मातीत बघायचं होतं.

रात्री लंगरमध्ये डाळ-रोटी जेवलो, भांडी घासली. वीज असूनही गावात उजेड अगदी कमी, आणि आकाश मी इतकं भरलेलं सिन्नरच्या माळावर लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. वारा तटावरून यायचा तेव्हा त्याला खारट ओल असायची. दहाच्या सुमारास तात्या म्हणाला, "वरच्याने पाणी अडवलं की खालचं गाव असं होतं तर. मी वरच्या बाजूचा माणूस. मी हे कधी पाहिलंच नव्हतं." कोणी काही बोललं नाही.

पहाटे पुन्हा तटावर गेलो. संध्याकाळी पांढुरका दिसलेला पट्टा आता चमकत होता. ते पाणी होतं की ओला चिखल, वरून कळेना. बुरुजाची सावली त्यावर लांबच लांब पडली होती. तासभर चौघे गप्प बसलो. दोन तासांत परतलो असतो तर यातलं काही पदरात पडलं नसतं.

पुढे नारायण सरोवर, कोटेश्वर करून परतलो, त्याबद्दल वेळ मिळाला की लिहितो. फोटो टाकतो, पण चौकीच्या बाजूचे काढलेले नाहीत आणि तुम्हीही काढू नका.

सांजवारा

वाचनखूण साठवली. दरवाज्यातून आत शिरल्यावर "काहीच नाही" हा अनुभव मलाही आला होता, पण आम्ही त्या दोन तासवाल्यांतलेच. आता हळहळ वाटतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मुलुंडची_माहेरवाशीण

गोदाकाठ, फार बरं वाटलं वाचून. मुलुंडला आमच्या चाळीत निम्मी घरं कच्छी होती. नवरात्राआधी शेजारच्या काकांकडे एकच लगबग असायची, माता नो मढला पायी जाणाऱ्यांच्या सेवेसाठी रस्त्यावर छावण्या लागतात, त्यांत मुंबईहून माणसं आणि सामान जायचं. काका स्वतः दरवर्षी आठ दिवस रजा काढून चालणाऱ्यांचे पाय चेपायला जायचे. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं, आपल्या वारीतली सेवा पाहिली तेव्हा उलगडा झाला.

आणखी एक. माझ्या सासऱ्यांचा जुना नकाशा आहे, त्यात कच्छ मुंबई राज्यात दाखवलाय. १ नोव्हेंबर १९५६ ते १ मे १९६०, साडेतीन वर्षं कच्छ आणि आपण एकाच राज्यात होतो. लखपतचा कागद तेव्हा मुंबईच्या सचिवालयात येत असणार!

खडकवाचक

धागा सुंदर. भूगर्भशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर घालतो, कारण लखपतची गोष्ट सगळीकडे "१८१९ चा भूकंप झाला, नदी वळली, गाव ओस पडलं" अशी एका दमात सांगतात. ती तशी झाली नाही, आणि जशी झाली ती जास्त विचार करायला लावणारी आहे.

पहिला घाव माणसाने घातला. १७६२ साली झाराच्या डोंगराशी सिंधचा गुलाम शाह कल्होरा आणि कच्छच्या फौजा यांची मोठी लढाई झाली. फार रक्त सांडलं, पण कच्छ काही त्याच्या हाती लागला नाही. त्यानंतर त्याने सिंधूच्या पूर्व फाट्यावर मोरा इथे बांध घालून कच्छकडे येणारं पाणी तोडलं. वर ज्या भातशेतीचा उल्लेख आलाय ती तेव्हाच गेली. म्हणजे १८०१ चा तट बांधला गेला तेव्हा शेती आधीच सुकली होती. बंदर मात्र चालू होतं.

मग १६ जून १८१९ चा भूकंप. लखपतच्या उत्तरेला रणात जमीन उचलली गेली, ऐंशी किलोमीटरहून लांब आणि काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत उंच असा बांध रातोरात उभा राहिला. दक्षिणेची जमीन खचली आणि सिंद्रीचा जकातीचा किल्ला पाण्याखाली गेला. आतली माणसं एका बुरुजावर चढून बसली, दुसऱ्या दिवशी होड्यांनी त्यांना काढलं. धक्का एवढा दूरवर पोचला की अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार त्यात पडले.

लोकांनी त्या उंचवट्याला नाव दिलं अल्लाबंद. देवाने घातलेला बांध. आधीचे माणसांनी घातलेले होते, त्यांच्यापासून हा वेगळा ओळखू यावा म्हणून. मी दरवर्षी वर्गात हे नाव सांगतो तेव्हा फळ्याकडे पाठ करून दोन मिनिटं थांबतो, मुलांना ते आपोआप पोचतं.

आता गंमतीचा भाग. भूकंपानंतर लखपतपाशी खाडी उथळ न होता खोल झाली. आधी ओहोटीला जिथे फूटभर पाण्यातून पायी उतरता यायचं तिथे अठरा फुटांवर पाणी आलं. १८२६ साली सिंधूला मोठा पूर आला, त्याने अल्लाबंद फोडला आणि नदीचं पाणी काही काळ पुन्हा इकडे आलं. अलेक्झांडर बर्न्स हा कंपनीचा अधिकारी त्यानंतर तिथे फिरला, त्याने हे नोंदवून ठेवलं. चार्ल्स लायेलने आपल्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथात सिंद्रीचं चित्र छापलं, त्यामुळे कच्छचा हा कोपरा जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाला. पण ते पाणी टिकलं नाही. गाव एका रात्रीत उठलं नाही, आशा लागायची आणि तुटायची असं पिढ्यानपिढ्या चाललं. व्यापारी हळूहळू मांडवीकडे, मुंबईकडे निघून गेले.

गोदाकाठ

खडकवाचक, दंडवत घ्या. अल्लाबंदचं नाव ऐकलं होतं, त्यामागचं कारण माहीत नव्हतं. चाचा "नदी पण होती" म्हणताना थांबले होते ते आता वेगळंच ऐकू येतंय.

नाथसागर

मी पैठणचा. हा धागा प्रवासाचा आहे हे समजतं, तरी तात्यांच्या वाक्यापाशी अडलो आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे जायकवाडी आहे. वर नाशिक-नगरची धरणं. दर दुष्काळी वर्षी तोच वाद, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असा नियम झाला तो २०१४ मध्ये, आणि त्यासाठी २००५ च्या कायद्याचा आधार घेऊन लढावं लागलं. दर वेळी कोर्ट, दर वेळी बंदोबस्तात दरवाजे उघडायचे. माझ्या वडिलांनी मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात मुळापासून तोडली. चाळीस झाडांचा बुंधा कुऱ्हाडीने एकेक करून. त्यांना वरच्या लोकांचा राग नव्हता, एवढंच म्हणायचे की "एकदा त्यांनी इथे येऊन बघावं."

दिंडोरीचा एक बागायतदार कच्छच्या टोकाला जाऊन हे बोलतो, याचं मला मोल वाटतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

द्राक्षवेल

नाथसागर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी निफाडची आहे. आमची बाजूही एकदा ऐका. धरणं बांधताना आमच्याही जमिनी गेल्या आहेत, आणि सोडलेल्या पाण्यातलं कितीतरी कोरड्या नदीपात्रात मुरतं, ते जायकवाडीला पोचतच नाही. द्राक्षाला आठवडाभर पाणी चुकलं तर वर्षाचं कर्ज अंगावर. इथे कोणी कोणाचा शत्रू नाही. पण लखपतची तुलना थेट करू नका. तिथे युद्धाच्या रागाने बांध घातला होता.

नाथसागर

द्राक्षवेल, राग नव्हता हे मान्य. सुकलेलं झाड मात्र दोन्हीकडे सारखंच दिसतं. एवढंच म्हणतो आणि धागा मूळ विषयाकडे जाऊ देतो.

मैलाचा_दगड

मूळ विषयाकडे. मला "मुक्काम करा" या आवाहनाबद्दल काळजी वाटते. मी ट्रेकिंगवाला, हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं. आधी चार लोक लिहितात, मग चारशे येतात, मग प्लास्टिक. लखपत तगून राहिलं ते कोणी येत नव्हतं म्हणून. गुरुद्वारा म्हणजे लॉज नव्हे. उद्या इथले शंभर वाचक शनिवार-रविवारी जाऊन लंगरमध्ये बसले तर त्या सेवेकऱ्यांवर भार कोणाचा?

गोदाकाठ

तुमची काळजी खरी आहे, आणि लिहिताना माझ्याही मनात होती. तरी लिहिलं, त्याचं कारण सांगतो. लोक तिथे आत्ताही जातायत. धोर्डोला रणोत्सव भरतो तेव्हा गाड्यांची रांग लागते, त्यातल्या काही लखपतला वळतात. चहाच्या टपरीवर पाणी विकत घेतात, बाटली तटावरून खाली टाकतात आणि निघून जातात. गावाला त्यांच्याकडून बाटलीच मिळते. राहणारा माणूस भांडी घासतो, देणगी ठेवतो, चाचांशी बोलतो, बाटली परत नेतो. निदान आम्ही तरी तसं केलं, आणि तात्याने बेदाण्याची दहा किलोची पेटी लंगरला दिली.

गुरुद्वारा लॉज नव्हे, शंभर टक्के पटलं. म्हणून हे पाळाच: डोकं झाकून आत जायचं, तंबाखू-गुटखा गाडीतही ठेवायचा नाही, दारू नाहीच (गुजरातमध्ये तशीही बंदी आहे), पहाटेच्या पाठाला जाग आली तर जाऊन बसायचं, आणि खोल्या यात्रेकरूंना लागत असतील तर आपण उठायचं. मोठा गट असेल तर नारायण सरोवरला राहा, ते तीसेक किलोमीटरवर आहे, आणि संध्याकाळ व पहाट लखपतला घालवा.

मैलाचा_दगड

हे पटलं. बाटली परत नेणारा पाहुणा मला चालेल.

दोन_पोरांची_आई

आमचा फेब्रुवारीत जायचा विचार आहे, सात आणि अकरा वर्षांची मुलं सोबत. झेपेल का? दवाखाना वगैरे? आणि मुलांना दाखवण्यासारखं आणखी काय?

गोदाकाठ

झेपेल. थंडी पहाटे बोचते, स्वेटर-कानटोप्या घ्या. मुलांची औषधं भुजहूनच घेऊन निघा, दयापरनंतर कशावर अवलंबून राहू नका. स्टेपनीची हवा घरीच तपासा!

मुलांसाठी नारायण सरोवरचं अभयारण्य, तिथे चिंकारा दिसतात. आम्हाला रस्त्यालगतच पाच दिसले. कोटेश्वरला समुद्राच्या काठावर महादेव आहे, तिथली कथा मुलांना लगेच ओळखीची वाटेल. रावण शिवलिंग घेऊन निघतो आणि ते वाटेत जमिनीवर ठेवलं जातं. आपण गोकर्णाची म्हणून ऐकतो तीच, थोड्या फरकाने. मास्तरांनी तिथल्या पुजाऱ्यांना आपली कथा सांगितली, त्यांनी त्यांची, अर्धा तास दोघेही खुशीत.

खडकवाचक

दोन आणखी. माता नो मढच्या परिसरात जारोसाइट नावाचं खनिज सापडलंय, मंगळावर आढळणाऱ्या खनिजासारखं, त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तिथे येतात. अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगा आणि मग तिथली पिवळी-तांबडी माती दाखवा.

आणि गुनेरी. लखपत तालुक्यातलंच गाव. तिथे समुद्रापासून आत, कोरड्या जमिनीत तिवरं (खारफुटीची झाडं) उभी आहेत. भरती-ओहोटी नाही, चिखल नाही, तरी तिवरं! २०२५ मध्ये गुजरात सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मागे गेलेल्या समुद्राने ठेवलेली झाडं म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो. आत चालत जाऊ नका, कडेने बघा.

सांजवारा

ती सियोतची लेणी कशी आहेत ते मला कोणी सांगेल का? वाटेत फलक दिसला होता.

गोदाकाठ

परतताना गेलो होतो. आम्ही पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वाढलेली माणसं, त्यामुळे भव्यतेची अपेक्षा ठेवलीत तर पाच मिनिटांत बाहेर याल. लहानशी गुहा, आत गाभारा आणि भोवती फिरायला वाट. सिंधूच्या मुखाजवळ बौद्ध भिक्खूंची वस्ती होती हे लक्षात ठेवून आत बसलात तर वेगळं वाटतं. मास्तर आत बराच वेळ बसले. वकील आणि मी बाहेर सावलीत डबा संपवला.

मुलुंडची_माहेरवाशीण

खाण्याचं कोणी लिहीना म्हणून मी लिहिते. दाबेली मांडवीची, ती तिथेच खा, आपल्याकडची गोड असते. बाजरीचा रोटला, त्यावर घरचं लोणी, वांग्याचं भरीत (ओळो म्हणतात), लसूण चटणी, आणि ताक म्हणजे छास, जितकं मागाल तितकं. थंडीत अडदिया मिळतो, उडदाच्या पिठाचा, तुपात भिजलेला, सुंठ-गूळ-साखर-मसाले घातलेला. बाळंतिणीला देतात तसा. भुजहून दोन किलो आणा आणि शेजाऱ्यांना वाटा.

गोदाकाठ

रोटला आणि ओळो नखत्राण्याला खाल्लं. तात्याने चार रोटले खाल्ले, त्याच्यासमोर बसलेल्या रबारी आजोबांनी त्याच्या पानात स्वतःच्या वाटचं लोणी वाढलं. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती.

नाथसागर

(धागा वर काढतोय.) फेब्रुवारीत मी आणि धाकटा भाऊ जाऊन आलो. मुक्काम केला. कुब्ब्यापाशी चाचा भेटले, आम्हालाही त्यांनी हाताने तटाकडे वळवलं आणि तेच सांगितलं. भावाने परतताना तटाखालची थोडी माती रुमालात बांधून घेतली. घरी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला, जिभेला लावली आणि म्हणाले, "खारट आहे. पण खालची माती गाळाची आहे, नदीचीच."

गोदाकाठ

नाथसागर, काल संध्याकाळी तात्याच्या बागेत बसून हा पूर्ण धागा त्याला वाचून दाखवला. तुमच्या वडिलांचं शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं.

तो वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रातला शेतकरी. तिथे पाणी वापर संस्था शेतकरीच चालवतात, मोजून पाणी घेतात आणि मोजून पट्टी भरतात, हे तुम्हाला कदाचित ऐकून माहीत असेल. त्याचं म्हणणं असं की पुढच्या हिवाळ्यात संस्थेतल्या सहा-सात जणांना लखपतला न्यायचं. आणि त्याआधी त्याला पैठणला यायचंय, तुमच्या वडिलांना भेटायला. मोसंबीची ती जागा बघायची आहे म्हणतो. वडिलांना चालत असेल तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा, छाटणीच्या आधीचा रविवार बघतोय.

नाथसागर

निरोप पाठवलाय. वडील म्हणाले, जेवायलाच या. पुरणाचं की मांड्यांचं, ते आधी सांगा.